बर्फाच्या सिनेमाचा नववा आठवडा

इंटरव्हलची घंटा झाली, दिवे लागले आणि पंचाक्षरी स्वामी जनान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मान खाली. पुरुषांच्या बाजूला ते डोकी मोजत. जनान्यात मात्र पाय मोजत आणि दोनाने भागत. परक्या बायांच्या तोंडाकडे टक लावून बघणं त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. एकतीस वर्षांत या पायांच्या हिशेबात एकदाच घोळ झाला होता, तोही बिलोलीला, एका म्हातारीच्या कुबडीमुळे.

आज अठरा पाय भरले. म्हणजे नऊ बाया. स्वामींनी पुन्हा एकदा मोजले. पुन्हा अठराच.

ते तिकिटाच्या खिडकीपाशी आले. आत भुजंग पान लावत बसला होता.

"जनान्याची किती गेली रे?"

"एकशे बासष्ट."

"आत तर नऊच हाईत."

"मग? तिकीट घेतलं की पिक्चर बगायलाच पायजे, असा कायदा हाय का स्वामी?" भुजंगने पान तोंडात टाकलं. "मागं जाऊन बगा की."

स्वामी टॉकीजच्या मागे गेले. तिथे विहिरीपाशी बायांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर, हातात घागर आणि दातांत धरलेलं गुलाबी तिकीट. डोअरकीपर आता दाराऐवजी विहिरीपाशी उभा होता. तो तिकीट फाडत होता आणि बाई पुढे होऊन दोन घागरी भरत होती. शेजारच्या खोलीत डिझेलचं इंजिन धडधडत होतं. त्याच इंजिनावर आत सिनेमा चालू होता आणि त्याच इंजिनावर विहिरीची मोटार.

स्वामींनी खिशातून रोजचा छापील रिपोर्ट काढला. त्यात 'तफावत' म्हणून एक रकाना होता. डोकी जास्त आणि तिकिटं कमी असली की मालकाची चोरी. ते तिथे लिहायचं. तिकिटं जास्त आणि डोकी कमी, याला काय म्हणायचं हे कंपनीने कुठेच छापलेलं नव्हतं. रकाना त्यांनी कोरा ठेवला.

स्वामी पेटीवाले होते. मुंबईची एक कंपनी सिनेमे काढायची, त्या सिनेमांची रिळं पत्र्याच्या पेटीतून गावोगाव जायची आणि पेटीबरोबर कंपनीचा एक माणूस जायचा. त्याने सिनेमा असेपर्यंत त्या गावात राहायचं, रोज प्रेक्षक मोजायचे आणि रिपोर्ट हैदराबादच्या ऑफिसला पाठवायचा. हैदराबादला, कारण निजाम गेला, भाषावार प्रांत झाले, गेल्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हासुद्धा वेगळा निघाला, तरी सिनेमाच्या धंद्यात अहमदपूर, मुखेड, बिलोली हा सगळा मुलूख अजून 'निजाम'च होता.

पेटीवाला म्हणजे कंपनीने मालकाच्या उरावर बसवलेला माणूस. त्याच्याशी कोण गोड बोलणार? जावई परवडला, तो निदान रुसून तरी निघून जातो. स्वामींना टॉकीजवाले खोली देत ती बहुधा जुन्या पोस्टरांची असे. लोक बोलायचे थांबले की समजावं आपण आलो, हे त्यांना पाठ झालं होतं. त्यात त्यांचा स्वतःचा एक नियम होता. टॉकीजच्या मालकाचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. चहा नाही, पान नाही, पाणीसुद्धा नाही. मालकाचं पाणी पोटात गेलं की मोजणारा डोळा मिटतो, असं ते म्हणत. फिरकीच्या झाकणाचा एक पितळी तांब्या ते जवळ बाळगत आणि तो बाहेरून भरून आणत. हा नियम पाळताना आजवर त्यांना कधी त्रास झाला नव्हता, कारण आजवर इतका दुष्काळ पडला नव्हता.

यंदा कोणीही इकडे पेटी पाठवत नव्हतं. माणसं खडी फोडायला गेलेली, सिनेमा बघणार कोण? शंकरप्पाच्या टॉकीजला हा सिनेमा मिळाला तो सगळीकडे पडला म्हणून. कंपनीने त्यावर त्या वर्षी सगळ्यांत जास्त खर्च केला होता. नायक-नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बर्फात फिरत होते, आणि मुंबई ते हैदराबाद कोणाला ते बघवलं नव्हतं. अहमदपुरात त्याचं मूळ नाव कोणी घेत नसे. सगळे म्हणत बर्फाचा सिनेमा. आठवड्याला हजार रुपयांचा आकडा झाला तर सिनेमा पुढे चालू, चुकला तर पेटी परत, असा करार होता. पहिल्या आठवड्यात चौदाशे झाले.

"शंकरप्पा, तुमी पाणी इकून राहिले," स्वामी मालकाला म्हणाले.

"म्या? आवो, तिकीट पिक्चरचं हाय. पाणी फुकट." शंकरप्पाने कपाळावरची विभूती सारखी केली. "गावातल्या सगळ्या हिरी आटल्या. टँकरचा कागद जुन्या जिल्ह्यातनं नव्या जिल्ह्यात याया निघालाय म्हणत्यात. डिझेल काय भाव हाय म्हाईत हाय का? पिक्चर चालू हाय तवर इंजिन चालू. पेटी गेली की इंजिन बंद. म्या काय कर्ण हाव का, नुसत्या पाण्यापायी डिझेल जाळाया?"

यात खोटं काही नव्हतं आणि बरंही काही नव्हतं. स्वामींनी रिपोर्टवर सही केली.

जनान्यात रोज बसणाऱ्या नऊ जणींत एकीची जोडवी नसलेली पावलं असायची. टाचा भेगाळलेल्या, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. ती पावलं पडदा उचलून एके दिवशी इंटरव्हलला बाहेर आली.

"तुमी मुखेडच्या मठाकडचे स्वामी नव्हं? आमी लिंगायतच. मी उमाबाई." बाईने हातातला भरलेला गडू पुढे केला. "ओठ फुटलेत बगा तुमचे. घ्या, दोन घोट."

"नको."

"आँ?"

"टॉकीजचं पाणी मी घेत न्हाई."

उमाबाईचा हात तसाच राहिला. "जंगमानं माज्या हातचं पाणी न्हाई म्हणावं, असं काय पाप केलं म्या?"

स्वामींना ते लागलं. दारात आलेल्या जंगमाला, म्हणजे लिंगायतांच्या गुरूला, पाणी दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हे त्या बाईने जन्मभर पाळलेलं असणार. त्यांनी मान खाली घालूनच आपला नियम समजावून सांगितला.

"पाणी शंकरप्पाचं कसं? पाणी भुईचं," उमाबाई म्हणाली. "मग तुमी पिता कुठलं?"

तेही त्यांनी सांगितलं. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने पाणी देणं बंद केलं होतं. पहाटे दीड कोस चालत जाऊन ते गावाबाहेरच्या एका मठाच्या बारवेतून तांब्या भरून आणत आणि तो दिवसभर पुरवत. उमाबाईने गडू मागे घेतला. मग म्हणाली, "येडे हाव तुमी." आणि आत जाऊन बसली.

त्या दिवसापासून ती रोज इंटरव्हलला बाहेर यायची आणि स्वामी मोजणी उरकून पायरीवर बसले की चार हात लांब बसायची. तिचा मुलगा लातूरला हमाली करत होता, घरी ती आणि एक म्हैस. घागरी भरून घरी ठेवून ती परत यायची, कारण तिकिटाचा रुपया दिलेला होता आणि आत पंखा होता.

"बर्फ म्हंजी पाणीच की वो?" तिने एकदा विचारलं.

"पाणीच. गोठलेलं."

"आन ते पोट्टं त्याच्यावर पाय देऊन नाचून राहिलं." तिला त्या नायकाचा मनापासून राग होता.

एकदा तिने विचारलं, "घरी कोण हाय तुमाला?"

"मुखेडला घर हाय. कुलूप हाय."

"आन कारभारीण?"

स्वामींनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते बिलोलीला होते. इंटरव्हलला मुखेडहून माणूस आला, बायको शिवगंगा जास्त आजारी आहे, चला म्हणाला. तेव्हा त्यांनी निम्मा जनाना मोजला होता. राहिलेला निम्मा मोजला, पुरुषांची बाजू मोजली, रिपोर्ट लिहून सही केली आणि मग एस.टी. धरली. पोचले तेव्हा मंडळी माती देऊन परतत होती. सूर्य मावळेपर्यंत तुमची वाट बघितली, असं त्या मंडळींनी सांगितलं.

"चारशे अकरा," स्वामी म्हणाले.

"काय चारशे अकरा?"

"त्या दिवशीची मोजणी. अजून ध्यानात हाय."

उमाबाईने पदर तोंडाला लावला. घंटा झाली तरी ती उठली नाही. स्वामींनाही उठावंसं वाटलं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या शेजारी असं कोणी बसलेलं नव्हतं, आणि ही पेटी इथून हलू नये असं त्यांना वाटायला लागलं होतं. बायांच्या पाण्यासाठी वाटत होतं हे खरं. स्वतःसाठीही वाटत होतं, हेही तितकंच खरं.

सहाव्या आठवड्यात गडबड झाली. रोजगार हमीचा पगार दोन हप्ते तटला आणि बायांच्या हातात तिकिटापुरताही रुपया राहिना. एक तिकीट काढून दोन घरं एकेक घागर वाटून घेऊ लागली. जनान्याची तिकिटं ऐंशीवर आली. बुधवारी स्वामींनी बेरीज केली, नऊशे चौतीस. हजाराला सहासष्ट कमी. गुरुवारचा एक खेळ उरला होता, आणि त्याला कसेबसे पन्नास झाले.

स्वामी खिडकीपाशी गेले आणि दहाच्या दोन नोटा आत सरकवल्या.

"सोळा तिकिटं दे."

भुजंग बघतच राहिला. "कुनासाठी?"

"कुनासाठी ते तुला कामून पायजे? तिकीट घेतलं की सांगायलाच पायजे, असा कायदा हाय का?"

भुजंगला हसू आलं नाही. त्याने मुकाट्याने सोळा तिकिटं फाडून दिली. स्वामी पुरुषांच्या बाजूला एका बाकावर जाऊन बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पडद्याकडे तोंड करून बघितला नव्हता. आज सोळा तिकिटं काढल्यावर बघणं भाग होतं. पंख्याखाली बसून त्यांनी तो सगळा बर्फ बघितला आणि त्यांना फार तहान लागली. इंटरव्हलला मोजताना स्वतःला धरायचं की नाही, असा प्रश्न पडला. शेवटी धरलं. पुरुष बाजू, चार.

सातव्या आठवड्यात एकतीस तिकिटं घ्यावी लागली, आठव्यात अठ्ठावन्न. पगार साडेतीनशे रुपये होता आणि खाणारं तोंड एक. तिकीट विकलं, पैसे कंपनीकडे गेले, रिपोर्टात आकडा खरा होता. यात लबाडी कुठे आहे, हे ते स्वतःला रोज विचारत आणि रोज कुठेतरी आहे असं त्यांना वाटे. पण मागे विहिरीवर रांग दिसली की ते पुन्हा खिडकीपाशी जात.

एप्रिलच्या शेवटी कंपनीचा वर्षाचा तक्ता आला. कोणत्या सिनेमाने, कोणत्या गावी, किती धंदा केला, सगळं त्यात छापलेलं असे. स्वामींची गावं आजवर तळाशी 'इतर' या एका ओळीत जात. यंदा कंपनीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. बर्फाच्या सिनेमासमोर गावोगाव एक आठवडा, एक आठवडा, चार दिवस असं लिहिलं होतं. आणि मध्येच एक ओळ: अहमदपूर, आठवा आठवडा चालू. पुढे कंसात, प्रतिनिधी प. स्वामी.

खोटं कशाला सांगा, स्वामींना आनंद झाला. स्वतःचं छापलेलं नाव ते लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच बघत होते. ते बोटाने तीनदा चाचपून त्यांनी सोबतचं पत्र उघडलं.

मॅनेजरने अभिनंदन केलं होतं. नव्या जिल्ह्यातला प्रेक्षक वेगळ्या आवडीचा दिसतो, असं लिहिलं होतं. एवढ्याशा अहमदपुरात इतका चालतो तर जिल्ह्याच्या गावी किती चालेल? तरी येत्या शुक्रवारी पेटी लातूरला मोठ्या टॉकीजात लावावी. प्रतिनिधीच्या पगारात पन्नास रुपयांची वाढ करण्यात येत आहे.

स्वामी पोस्टरांच्या खोलीत पत्र घेऊन बसून राहिले. आकडा पडला असता तर पेटी गेली असती. म्हणून त्यांनी आकडा वर धरला, तर पेटी त्यापायीच निघाली. आपल्याच हाताने आपण ही पेटी इथून हलवली, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. मुकाट्याने लातूरला जावं, पन्नास रुपये घ्यावेत. सिनेमा पडला तर पडला, तो तर सगळीकडेच पडला होता. दुपारभर हा विचार त्यांच्या मनात येत राहिला.

तीन वाजता इंजिन लागलं. इंटरव्हलला त्यांनी पाय मोजले, अठरा. मग पायरीवर बसून रिपोर्टाच्या तळाशी 'शेरा' म्हणून जागा असते, तिथे आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. अहमदपूरचा प्रेक्षक सिनेमाला येत नाही, पाण्याला येतो. जनान्यात सरासरी नऊ असतात. गेले तीन आठवडे कमी पडलेली तिकिटं मी स्वतः घेतली. लातूरला हा सिनेमा चालणार नाही. पेटी मृगापर्यंत इथेच राहू द्यावी ही विनंती. उत्तर येईपर्यंत मी पेटी हलवत नाही.

"काय लिवून राहिले?" उमाबाईने विचारलं.

"मोजणी."

"यवढी लांब?"

"आज जरा जास्त भरली."

शुक्रवारी पेटी लातूरला गेली नाही. नववा आठवडा सुरू झाला. त्या आठवड्यात स्वामींनी सत्तर तिकिटं घेतली. गुरुवारी तार आली. पेटीसह हैदराबादला या, हिशेब करून मोकळे व्हा, एवढाच मजकूर होता.

संध्याकाळी शंकरप्पा खोलीवर आला. हातात तबक, तबकात विड्याची पानं आणि पानांवर नोटा. तो दारातच उभा राहिला.

"भुजंगनं आज सांगितलं मला," तो म्हणाला. "दोन म्हैने झाले, तुमी माज्या हितलं पाणी प्याले न्हाई. आन तुमच्या पैशावर माजं इंजिन चालून राहिलं! जंगमाला द्यायचं असतंय स्वामी, जंगमाकडनं घ्यायचं नसतंय. कुठं फेडू मी हे?"

"तिकिटं घेतली, सिनेमा बगितला. फिटलं."

"घ्या की वो."

"न्हाई."

शंकरप्पाने तबक खाली ठेवलं, स्वामींच्या पायांना हात लावला, तबक उचललं आणि गेला. त्या पैशांचं पुढे काय करायचं ते बहुधा त्यालाही सुचत नव्हतं.

सकाळी स्वामींनी पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन स्टँड गाठला. आठची उदगीर गाडी, पुढे रेल्वेने हैदराबाद. तांब्या रिकामा होता; आज बारवेपर्यंत चालायचं त्राण नव्हतं. बाकावर बसून ते हैदराबादला काय बोलायचं याची जुळवाजुळव करू लागले, आणि मग लक्षात आलं की बोलायचं काही उरलेलंच नाही. मुखेडला जायचं, कुलूप काढायचं. तिथे मोजायला काही नव्हतं.

तेवढ्यात धडधड ऐकू आली. टॉकीज स्टँडच्या मागच्याच गल्लीत होतं. पण आठ वाजता इंजिन कसं? तीनच्या आधी ते कधी लागत नसे.

समोर दोन पावलं येऊन थांबली. भेगाळलेल्या टाचा, काळं पडलेलं नख. पावलं ओली होती.

"शंकरप्पानं इंजिन लावलं," उमाबाई म्हणाली. "तिकीट न्हाई म्हणाला. टँकर येस्तवर रोज लावतो म्हणाला. ल्योकाला कवळून रडावं तसा रडून राहिला मेला." ती एक पाऊल मागे सरली. "माज्यासारखीनं वाटंला लागलेल्या मानसाला आडवं येऊ न्हाई म्हणत्यात. पर घागर भरलेली हाय, बगा."

स्वामींनी मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा म्हातारी होती, आणि डोक्यावरची घागर काठोकाठ होती.

"आता तरी प्या. तारेचं कळलं मला. आता कुठं तुमी पेटीवाले हाव?"

त्यांनी ओंजळ पुढे केली. पाणी जरा मचूळ होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ते पीतच राहिले. ओंजळीतून पाणी कोपरांवरून गळून धुळीत पडत होतं. एरवी दुष्काळात असं पाणी सांडलं की बाई ओरडली असती. उमाबाई ओतत राहिली. मग तिने त्यांचा तांब्या भरला आणि झाकण फिरवून घट्ट केलं.

"जपून जावा," ती म्हणाली. "मोजू नका आता कुनाला."

गाडी टॉकीजच्या गल्लीवरून वळली तेव्हा विहिरीवरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. दातांत तिकीट नसल्यामुळे बाया मोकळ्या तोंडाने भांडत होत्या. स्वामींनी सवयीने मोजायला सुरुवात केली. गाडीच्या खिडकीतून पायांपर्यंत नजर पोचत नव्हती, म्हणून चेहरे मोजले. सत्तेचाळीसपर्यंत मोजून झालं आणि गल्ली मागे पडली. आकडा लिहायला त्यांनी खिशात कागद चाचपला. मग तो हात त्यांनी मांडीवरच्या भरलेल्या तांब्यावर ठेवला.